सदनिकेच्या भाडेपट्ट्याची मुदतवाढ : इंग्लंडमधील कायदा, मूल्यनिर्धारण आणि कार्यपद्धती

सारांश

इंग्लंडमध्ये सदनिका 'विकत घेणे' याचा अर्थ बहुतांश वेळा त्या सदनिकेचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा विकत घेणे असा असतो. पट्ट्याची मुदत दरवर्षी एका वर्षाने घटते व त्यासोबत घराचे मूल्यही घटते. ही घट रोखण्याचा वैधानिक मार्ग १९९३ च्या कायद्याने पट्टेदाराला दिला. प्रस्तुत लेखात या हक्काची पार्श्वभूमी, मुदतवाढीचे मूल्य ठरविण्याची रीत, नोटिशीपासून नोंदणीपर्यंतची कार्यपद्धती आणि २०२४ च्या सुधारणा कायद्यामुळे उभा राहिलेला 'थांबावे की आताच अर्ज करावा' हा प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : भाडेपट्टा, पट्टाकार, पट्टेदार, भुईभाडे, प्रत्यावर्तन, अधिमूल्य, मुदतवाढ.

१. प्रास्ताविक

घर ही मनुष्याची मूलभूत गरज आहे, तसेच सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील ती सर्वांत मोठी गुंतवणूकही असते. आयुष्यभराच्या बचतीतून व कर्जातून घेतलेले घर आपल्यामागे मुलाबाळांना मिळावे, ही अपेक्षा सार्वत्रिक आहे. परंतु ज्या घराचा हक्कच मुदतबंद आहे, त्या घराच्या बाबतीत ही अपेक्षा कितपत पूर्ण होऊ शकते, हा प्रश्न इंग्लंडमधील लक्षावधी कुटुंबांसमोर आहे. सरकारी अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये इंग्लंडमधील सुमारे ४८ लाख घरे, म्हणजे एकूण घरांपैकी सुमारे एक पंचमांश घरे, भाडेपट्ट्याने धारण केलेली होती. त्यांत सदनिकांचे प्रमाण मोठे आहे.

नोकरी-व्यवसायानिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाही या प्रश्नाशी प्रत्यक्ष संबंध येतो. महाराष्ट्रात सदनिका घेण्याचा अनुभव असलेली व्यक्ती तेथे घर घेताना किंमत, क्षेत्रफळ व परिसर पाहते. पट्ट्याची किती वर्षे शिल्लक आहेत, हा प्रश्न तिला सुचतोच असे नाही. वस्तुतः तोच प्रश्न प्रथम विचारावयास हवा. विधी, अर्थशास्त्र, वाणिज्य व समाजशास्त्र या चारही विद्याशाखांच्या अध्यापकांना हा विषय उद्बोधक वाटेल, कारण मालमत्तेची संकल्पना, चक्रवाढ व्याजाचे गणित आणि सामाजिक न्यायाचा विचार यांचा त्यात एकत्र प्रत्यय येतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) सदनिकांसाठी भाडेपट्ट्याची पद्धत का रूढ झाली हे स्पष्ट करणे, (आ) मुदतवाढीच्या वैधानिक हक्काचे स्वरूप मांडणे, (इ) अधिमूल्य कसे ठरते हे उदाहरणाने दाखविणे, (ई) कार्यपद्धतीतील टप्पे व धोके सांगणे, (उ) २०२४ च्या कायद्याचा परिणाम तपासणे.

२. सदनिका आणि भाडेपट्टा : संबंधाचे मूळ

जमिनीवरील पूर्ण व मुदतीविना असलेल्या हक्काला इंग्लिश कायद्यात फ्रीहोल्ड म्हणतात, तर ठरावीक मुदतीच्या हक्काला लीजहोल्ड म्हणतात. लीजहोल्ड देणारा तो पट्टाकार आणि घेणारा तो पट्टेदार. सदनिकेचा पट्टा सर्वसाधारणपणे ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांचा असतो. प्रारंभी पट्टेदार मोठी रक्कम एकदम देतो, नंतर दरवर्षी भुईभाडे देतो आणि इमारतीच्या देखभालीच्या खर्चातील आपला वाटा सेवाशुल्क म्हणून भरतो. मुदत संपताच सदनिकेचा हक्क पट्टाकाराकडे परत जातो. यालाच प्रत्यावर्तन म्हणतात.

स्वतंत्र घरे फ्रीहोल्डने विकली जात असताना सदनिकांसाठीच ही पद्धत का, याचे उत्तर इंग्लिश कायद्याच्या एका जुन्या नियमात आहे. बहुमजली इमारतीत वरच्या सदनिकेला खालच्या भिंतींचा आधार लागतो आणि खालच्या सदनिकेला वरच्या छपराचे संरक्षण लागते. छप्पर दुरुस्त करणे, खर्चात वाटा देणे यांसारखी कर्तव्ये प्रत्येक नव्या खरेदीदारावर बंधनकारक असल्याखेरीज इमारत टिकू शकत नाही. परंतु एखादी गोष्ट करण्याचे, म्हणजे सकारात्मक स्वरूपाचे, बंधन फ्रीहोल्ड जमिनीच्या पुढील मालकावर लादता येत नाही, असा निर्णय १८८५ मध्ये ऑस्टरबेरी विरुद्ध ओल्डहॅम या खटल्यात झाला. पुढे १९९४ मध्ये ऱ्होन विरुद्ध स्टीफन्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तोच नियम कायम ठेवला. भाडेपट्ट्यातील अटी मात्र पुढील पट्टेदारांवर बंधनकारक राहतात. त्यामुळे सदनिकांसाठी भाडेपट्टा ही कायदेशीर सोय ठरली. या सोयीची किंमत म्हणून घराच्या हक्काला मुदत चिकटली.

महाराष्ट्रात हाच पेच वेगळ्या रीतीने सोडविण्यात आला. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालील गृहनिर्माण संस्था, १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीचा अधिनियम आणि १९७० चा अपार्टमेंट मालकी अधिनियम यांमुळे सदनिकाधारकांच्या परस्पर कर्तव्यांना संस्थात्मक चौकट मिळाली. आपल्याकडेही भाडेपट्ट्याच्या जमिनी आहेत. सिडकोने नवी मुंबईत ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले हे सर्वपरिचित आहे. तथापि तेथे पट्टा बहुधा भूखंडाचा व संस्थेच्या नावे असतो. इंग्लंडमध्ये मात्र प्रत्येक सदनिकेचा पट्टा स्वतंत्र असतो आणि मुदतीचा भार प्रत्येक कुटुंबावर एकेकट्याने येतो. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचन नीट उलगडणार नाही.

३. घटत्या मुदतीचे परिणाम

पट्टा १२० वर्षांचा आहे की ११९ वर्षांचा, याने बाजारात फारसा फरक पडत नाही. मुदत ८० वर्षांच्या जवळ येऊ लागली की चित्र बदलते. गृहकर्ज देणाऱ्या संस्था कर्जफेडीनंतरही पुरेशी वर्षे शिल्लक राहावीत अशी अट घालतात. प्रत्येक संस्थेची अट वेगळी असली, तरी ७० वर्षांहून कमी मुदतीच्या सदनिकेवर कर्ज मिळणे अनेकदा कठीण होते. कर्ज मिळत नसेल तर खरेदीदार केवळ रोख रक्कम देणारे उरतात आणि किंमत आणखी खाली येते. अशा रीतीने ज्येष्ठ नागरिकाची आयुष्यभराची पुंजी त्याच्या देखत आटत जाते. घर तेच, भिंती त्याच, शेजारही तोच, केवळ दिनदर्शिकेची पाने उलटलेली असतात.

मुदत संपताच पट्टेदाराला लगोलग रस्त्यावर यावे लागते असे मात्र नाही. १९५४ च्या जमीनदार व भाडेकरू कायद्याने आणि नंतर १९८९ च्या स्थानिक शासन व गृहनिर्माण कायद्याने काही अटींवर बाजारभावाने भाडे देऊन तेथे राहण्याचे संरक्षण दिले आहे. परंतु काल जो स्वतःला घराचा मालक समजत होता तो आज भाडेकरू होतो आणि विकण्यासारखे किंवा वारसांना देण्यासारखे त्याच्याकडे काही उरत नाही.

४. वैधानिक हक्काचा विकास

एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या जमिनींवरील कामगारवस्त्यांच्या मुदती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर संपू लागल्या. दक्षिण वेल्समधील खाणकामगारांच्या वस्त्यांत या प्रश्नाला विशेष धार आली. त्यातून १९६७ चा लीजहोल्ड सुधारणा कायदा झाला. त्याने स्वतंत्र घरांच्या पट्टेदारांना फ्रीहोल्ड विकत घेण्याचा किंवा ५० वर्षांची मुदतवाढ मिळविण्याचा हक्क दिला. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या विश्वस्तांनी या कायद्याला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आव्हान दिले. १९८६ मध्ये जेम्स विरुद्ध युनायटेड किंगडम या निर्णयाने ते अमान्य झाले. सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी एका खाजगी व्यक्तीची मालमत्ता दुसऱ्या खाजगी व्यक्तीकडे सक्तीने हस्तांतरित करणे हेही सार्वजनिक हिताचे असू शकते, हे तत्त्व त्यात मान्य करण्यात आले.

१९६७ च्या कायद्याने सदनिका वगळल्या होत्या. ती उणीव १९९३ च्या लीजहोल्ड सुधारणा, गृहनिर्माण व नगरविकास कायद्याने भरून काढली. या कायद्यानुसार पात्र पट्टेदाराला सध्याच्या उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर घातलेला नवा पट्टा मिळतो. त्यावरील भुईभाडे केवळ 'एक मिरीदाणा', म्हणजे व्यवहारात शून्य, असते. ६५ वर्षे उरलेली असल्यास नवा पट्टा १५५ वर्षांचा होतो. मूळ पट्टा २१ वर्षांहून अधिक मुदतीचा असणे ही पात्रतेची मुख्य अट आहे. १९९३ मध्ये घातलेली प्रत्यक्ष वास्तव्याची अट २००२ च्या कॉमनहोल्ड व लीजहोल्ड सुधारणा कायद्याने काढून टाकली आणि तिच्या जागी दोन वर्षे पट्टा धारण केलेला असण्याची अट आली. ही दोन वर्षांची अटही ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली. त्यामुळे सदनिका खरेदी केलेली व्यक्ती आपले नाव नोंदले जाताच मुदतवाढ मागू शकते.

तांत्रिकदृष्ट्या येथे जुना पट्टा लांबविला जात नाही. जुना पट्टा परत केला जातो व त्याच क्षणी नवा पट्टा दिला जातो. सदनिकेवरील गृहकर्जाचा बोजा नव्या पट्ट्यावर चालू राहतो. पट्टाकारालाही एक हक्क राखून ठेवला आहे : मूळ मुदतीच्या अखेरच्या १२ महिन्यांत किंवा वाढीव मुदतीच्या अखेरच्या पाच वर्षांत पुनर्विकासासाठी, न्यायालयामार्फत व भरपाई देऊन, तो सदनिका परत मागू शकतो.

५. अधिमूल्य कसे ठरते

मुदतवाढ हा हक्क असला तरी ती विनामूल्य नाही. पट्टेदाराने पट्टाकाराला द्यावयाच्या रकमेस अधिमूल्य म्हणतात. १९९३ च्या कायद्यानुसार त्याचे तीन घटक आहेत.

पहिला घटक म्हणजे बुडणारे भुईभाडे. उरलेल्या वर्षांत मिळणाऱ्या भुईभाड्याचे आजचे एकरकमी मूल्य काढले जाते. भाडे ठरावीक काळाने दुप्पट होत असेल, तर हा घटक बराच वाढतो.

दुसरा घटक म्हणजे लांबणीवर पडणारे प्रत्यावर्तन. पट्टाकाराला ७५ वर्षांनी मिळणारी सदनिका आता १६५ वर्षांनी मिळणार असते. ७५ वर्षांनंतरच्या प्राप्तीचे आजचे मूल्य काढण्यासाठी सूट-दर लागतो. तो सदनिकांसाठी ५ टक्के असावा, हे स्पोर्टेली या प्रकरणात २००६ मध्ये भूमी न्यायाधिकरणाने ठरविले आणि २००७ मध्ये अपील न्यायालयाने ते उचलून धरले. दर जितका कमी तितके अधिमूल्य जास्त, हे येथे ध्यानात ठेवावे.

तिसरा घटक सर्वाधिक वादग्रस्त आहे. त्याला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. मराठीत 'संयोगमूल्य' म्हणता येईल. पट्टेदाराचा तोकडा पट्टा आणि पट्टाकाराचे दूरचे प्रत्यावर्तन या दोन सुट्या हक्कांच्या मूल्यांची बेरीज मुदतवाढीनंतरच्या मूल्यापेक्षा कमी भरते. हे दोन हक्क एकत्र आल्याने निर्माण होणारी वाढ म्हणजे संयोगमूल्य होय. त्यातील निम्मा वाटा पट्टाकाराला द्यावा लागतो. मात्र उरलेली मुदत ८० वर्षांहून अधिक असेल तर संयोगमूल्य शून्य धरले जाते, अशी तरतूद २००२ च्या कायद्याने केली. 'ऐंशी वर्षांची रेषा' म्हणून जी ओळखली जाते ती हीच. मूल्यनिर्धारणासाठी नोटीस दिल्याचा दिवस ग्राह्य धरला जातो. म्हणून ही रेषा ओलांडण्यापूर्वी नोटीस पोहोचली की पुढे वाटाघाटी कितीही लांबल्या तरी संयोगमूल्य लागू होत नाही.

हे गणित एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका सदनिकेचे फ्रीहोल्ड स्वरूपातील मूल्य ३,००,००० पौंड, मुदतवाढीनंतरचे मूल्य २,९७,००० पौंड आणि भुईभाडे दरसाल १०० पौंड, न वाढणारे, असे मानू. भुईभाड्यासाठी ७ टक्के व प्रत्यावर्तनासाठी ५ टक्के दर घेऊ.

उरलेली मुदत ७५ वर्षे असता भुईभाड्याचे आजचे मूल्य सुमारे १,४२० पौंड येते. ७५ वर्षांनी मिळणाऱ्या ३,००,००० पौंडांचे आजचे मूल्य सुमारे ७,७२५ पौंड येते. म्हणजे पट्टाकाराचा सध्याचा हितसंबंध ९,१४५ पौंडांचा आहे. मुदतवाढीनंतर त्याचे प्रत्यावर्तन १६५ वर्षे दूर जाते व त्याचे मूल्य अवघे ९६ पौंड उरते. पट्टाकाराचे नुकसान ९,०४९ पौंड झाले. आता सध्याच्या पट्ट्याचे मूल्य फ्रीहोल्डच्या ९२ टक्के, म्हणजे २,७६,००० पौंड, आहे असे मानल्यास मुदतवाढीपूर्वी दोन्ही हितसंबंधांची बेरीज २,८५,१४५ पौंड आणि नंतरची बेरीज २,९७,०९६ पौंड होते. फरक ११,९५१ पौंड, त्याचा निम्मा सुमारे ५,९७५ पौंड. एकूण अधिमूल्य सुमारे १५,०२५ पौंड.

याच पद्धतीने वेगवेगळ्या मुदतींसाठी येणारे आकडे कोष्टकात दिले आहेत. कंसातील टक्केवारी सध्याच्या पट्ट्याचे फ्रीहोल्डशी मानलेले प्रमाण दर्शविते.

कोष्टक क्र. १ : उरलेली मुदत आणि अंदाजे अधिमूल्य (पौंडांत)

८१ वर्षे : पट्टाकाराचे नुकसान ७,११५, संयोगमूल्याचा वाटा नाही, एकूण ७,११५
७९ वर्षे (९४ टक्के) : नुकसान ७,७००, वाटा ३,६५०, एकूण ११,३५०
७५ वर्षे (९२ टक्के) : नुकसान ९,०५०, वाटा ५,९७५, एकूण १५,०२५
६० वर्षे (८२ टक्के) : नुकसान १७,२६५, वाटा १६,८६५, एकूण ३४,१३०

८१ व ७९ या दोन वर्षांच्या अंतरात पट्टाकाराचे नुकसान ६०० पौंडांहूनही कमी वाढते. परंतु अधिमूल्य ४,२०० पौंडांहून अधिक वाढते. दिरंगाईची किंमत यावरून स्पष्ट व्हावी. तसेच ६० वर्षांच्या ओळीवरून असे दिसते की मुदत घटत जाताना अधिमूल्य सरळ रेषेत नव्हे, तर चक्रवाढ गतीने वाढते.

यात सर्वाधिक वाद होतो तो कंसातील टक्केवारीबाबत. कायद्यानुसार सध्याच्या पट्ट्याचे मूल्य, मुदतवाढीचा वैधानिक हक्क अस्तित्वातच नाही असे मानून काढावयाचे असते. परंतु प्रत्यक्ष बाजारातील सर्व व्यवहार तो हक्क गृहीत धरूनच होतात. जे जग अस्तित्वात नाही त्या जगातील किंमत शोधण्याचा हा प्रयत्न होय. यासाठी मूल्यांकनकार निरनिराळे आलेख वापरतात. बाजारातील आकडेवारीवर आधारलेले नवे सांख्यिकी प्रतिमान मुंडी या प्रकरणात मांडण्यात आले होते. ते वापरल्यास अधिमूल्ये बरीच कमी झाली असती. तथापि न्यायाधिकरणाने ते नाकारले व २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही.

६. कार्यपद्धती

पट्टाकार व पट्टेदार यांना आपसांत बोलून मुदतवाढ ठरविता येते. अशा ऐच्छिक मार्गात वेळ व खर्च वाचू शकतो. मात्र त्यात पट्टेदाराला कायद्याचे कवच नसते. प्रारंभी सवलतीची वाटणारी रक्कम सांगून मुदत केवळ ९९ वर्षांपर्यंतच वाढविणे किंवा वाढते भुईभाडे लादणे असे प्रकार पूर्वी घडत. ३० जून २०२२ पासून अंमलात आलेल्या भुईभाडे कायद्यामुळे नव्या दीर्घ पट्ट्यांवर भुईभाडे आकारता येत नाही. ऐच्छिक मुदतवाढीत ते जुन्या पट्ट्याच्या उरलेल्या काळापुरतेच चालू ठेवता येते. तरीही ऐच्छिक प्रस्तावाची तुलना वैधानिक हक्काशी केल्याखेरीज स्वाक्षरी करू नये.

वैधानिक मार्गाचे टप्पे असे :

(१) पूर्वतयारी. भूमी नोंदणी कार्यालयातून पट्ट्याची प्रत व मालकीची माहिती घ्यावी. फ्रीहोल्डधारक व सदनिकाधारक यांच्यामध्ये एखादा मधला पट्टाकार असू शकतो. नोटीस योग्य पट्टाकाराला द्यावी लागते. याच टप्प्यावर अनुभवी मूल्यांकनकाराकडून अधिमूल्याचा अंदाज घ्यावा.

(२) नोटीस. १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ अन्वये नोटीस द्यावी लागते. तीत प्रस्तावित अधिमूल्य नमूद करावे लागते. ते वाटाघाटीसाठी काहीसे कमी असू शकते, परंतु हास्यास्पद असू नये. कॅडोगन विरुद्ध मॉरिस या खटल्यात १०० पौंडांचा प्रस्ताव देणारी नोटीस अवैध ठरली. नोटिशीची नोंद भूमी नोंदणीत करून घ्यावी, म्हणजे फ्रीहोल्ड विकले गेले तरी हक्क अबाधित राहतो.

(३) पट्टाकाराचा प्रतिसाद. पट्टाकार हक्काचा पुरावा मागू शकतो, सदनिकेची पाहणी करू शकतो आणि प्रस्तावित अधिमूल्याच्या १० टक्के किंवा २५० पौंड यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती अनामत मागू शकतो. नोटिशीत दिलेल्या तारखेपर्यंत त्याने प्रतिनोटीस द्यावयाची असते. ही मुदत किमान दोन महिन्यांची असावी लागते. त्याने प्रतिनोटीस दिलीच नाही, तर पट्टेदार सहा महिन्यांत न्यायालयात जाऊन आपल्या नोटिशीतील अटींवर पट्टा मिळवू शकतो.

(४) वाटाघाटी व न्यायाधिकरण. प्रतिनोटिशीनंतर दोन महिन्यांत एकमत झाले नाही, तर प्रथमस्तर न्यायाधिकरणाच्या मालमत्ता विभागाकडे अर्ज करता येतो. हा अर्ज प्रतिनोटिशीपासून सहा महिन्यांच्या आत व्हावा लागतो. ती तारीख चुकली तर नोटीस मागे घेतल्याचे मानले जाते आणि पुढील १२ महिने नवी नोटीस देता येत नाही. ८१ वर्षे उरली असता दिलेली नोटीस अशा रीतीने बाद झाली, तर नव्या नोटिशीच्या वेळी ८० वर्षांची रेषा ओलांडली गेलेली असण्याची शक्यता असते. म्हणून या तारखा वहीत नव्हे, भिंतीवर लिहून ठेवाव्यात असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

(५) पूर्तता. अटी ठरल्यानंतर नवा पट्टा करून घेण्यासाठीही मुदती आहेत. त्या पाळून अधिमूल्य देऊन नोंदणी करावी.

खर्चाच्या बाबतीत १९९३ च्या कायद्याची तरतूद पट्टेदाराला जाचक वाटते. स्वतःच्या सॉलिसिटरचे व मूल्यांकनकाराचे शुल्क तर त्याला द्यावेच लागते, शिवाय हक्काची तपासणी, मूल्यांकन व नवा पट्टा तयार करणे यांसाठी पट्टाकाराला आलेला वाजवी खर्चही त्यालाच सोसावा लागतो. पट्टाकाराचा ठावठिकाणा लागत नसल्यास न्यायालयाकडून आदेश मिळवून मुदतवाढ घेण्याची सोय आहे.

सदनिका विकावयाची असल्यास विक्रेत्याने नोटीस देऊन तिचा लाभ विक्रीसोबत खरेदीदाराकडे हस्तांतरित करता येतो. दोन वर्षांची अट असताना हा मार्ग अपरिहार्य होता. आता खरेदीदार स्वतः नोटीस देऊ शकत असला, तरी मुदत ८० वर्षांच्या उंबरठ्यावर असल्यास विक्रेत्याने नोटीस देणेच श्रेयस्कर.

७. २०२४ चा कायदा : थांबावे की पुढे जावे

लीजहोल्ड व फ्रीहोल्ड सुधारणा कायद्याला २४ मे २०२४ रोजी राजसंमती मिळाली. त्यात ९० ऐवजी ९९० वर्षांची मुदतवाढ, संयोगमूल्याचे उच्चाटन, मूल्यनिर्धारणात विचारात घ्यावयाच्या भुईभाड्यावर फ्रीहोल्ड मूल्याच्या ०.१ टक्के इतकी मर्यादा, सूट-दर सरकारने विहित करणे आणि पट्टाकाराचा खर्च सर्वसाधारणपणे पट्टेदारावर न टाकणे अशा तरतुदी आहेत. परंतु कायदा संमत होणे आणि त्याच्या तरतुदी अंमलात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन वर्षांची अट रद्द करणारी तरतूद २०२५ च्या जानेवारीत लागू झाली. मूल्यनिर्धारणाच्या तरतुदी तिच्यासोबत लागू झाल्या नाहीत. मोठ्या फ्रीहोल्डधारकांनी त्यांना उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. १९८६ च्या निर्णयातील तत्त्वाचे स्मरण येथे होते.

अशा संधिकाळात पट्टेदाराने काय करावे? याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. तीन परिस्थिती वेगळ्या कराव्या लागतील.

ज्यांची मुदत ९० वर्षांहून बरीच अधिक आहे आणि ज्यांना नजीकच्या काळात विक्री करावयाची नाही, त्यांना थांबण्यात फारसा धोका नाही. ज्यांची मुदत ८० वर्षांच्या किंचित वर आहे, त्यांच्यापुढील पेच खरा आहे : नव्या तरतुदी लागू होण्यापूर्वी रेषा ओलांडली गेली तर जुन्या पद्धतीने संयोगमूल्य द्यावे लागेल. कोष्टकातील ८१ व ७९ या ओळी पाहता, निश्चित थोडी रक्कम देऊन अनिश्चित मोठा खर्च टाळणे शहाणपणाचे वाटते. ज्यांची मुदत ८० वर्षांच्या बरीच खाली आली आहे, त्यांना संयोगमूल्य रद्द झाल्यास सर्वाधिक लाभ होईल. म्हणून घर विकण्याची किंवा नवे कर्ज घेण्याची निकड नसेल तर प्रतीक्षा करण्यास त्यांच्याकडे सबळ कारण आहे. परंतु वृद्धापकाळात घर विकून मुलांजवळ राहावयास जाणाऱ्या व्यक्तीला कायद्याच्या अंमलबजावणीची वाट पाहणे परवडेलच असे नाही. कायदा सर्वांसाठी एकाच दिवशी बदलतो. गरज मात्र प्रत्येकाची आपापल्या दिवशी उभी राहते.

या कायद्यापलीकडे, भाडेपट्ट्याऐवजी सदनिकेची कायम मालकी देणारी कॉमनहोल्ड पद्धत रूढ करण्याचा विचारही पुढे आला आहे. २००२ च्या कायद्याने आणलेली ही पद्धत २००४ पासून उपलब्ध असूनही विकासकांनी ती फारशी स्वीकारली नाही. मार्च २०२५ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून नव्या सदनिकांसाठी तीच सर्वसाधारण पद्धत करण्याचा मनोदय व्यक्त केला. महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. १९७० च्या अपार्टमेंट अधिनियमाशी तिचे साम्य सहज लक्षात येते.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सदनिकेचा भाडेपट्टा ही मूलतः इमारतीच्या देखभालीची कर्तव्ये पुढील खरेदीदारावर बंधनकारक करण्याची कायदेशीर सोय आहे. मुदत हा तिचा आनुषंगिक परंतु सर्वांत जाचक परिणाम आहे.

२. मुदतवाढीचे अधिमूल्य चक्रवाढीच्या गणिताने वाढते आणि ८० वर्षांच्या रेषेवर त्यात एकाएकी उडी येते. त्यामुळे निर्णयाची वेळ ही निर्णयाइतकीच महत्त्वाची आहे.

३. वैधानिक मार्गात हक्क भक्कम असला तरी तारखांच्या बाबतीत कायदा कठोर आहे. एका चुकलेल्या तारखेने हक्क वर्षभर गोठतो.

४. २०२४ च्या कायद्याने पट्टेदाराची बाजू बळकट करण्याची दिशा निश्चित केली आहे. तथापि लागू झालेल्या व न झालेल्या तरतुदींतील भेद न जाणता घेतलेला निर्णय हानिकारक ठरू शकतो.

मालमत्तेचा हक्क चिरंतन असतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इंग्लंडमधील सदनिकाधारकाचा अनुभव तिला छेद देतो. आपल्या महानगरांतील अनेक गृहनिर्माण संस्थाही शासनाच्या वा अन्य प्राधिकरणांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनींवर उभ्या आहेत. त्या संस्थांच्या सभासदांनी आपला पट्टा कोणत्या साली सुरू झाला, किती वर्षांचा आहे आणि नूतनीकरणाच्या अटी काय आहेत, एवढे तरी एकदा कागदपत्रे काढून पाहावे. अध्यापकांनी हा विषय वर्गात मांडताना विद्यार्थ्यांना आपापल्या घराच्या कागदपत्रांपासून सुरुवात करण्यास सांगितले, तर पाठ्यपुस्तकातील 'भाडेपट्टा' ही संज्ञा त्यांना कायमची समजेल.